उन्हाळ्यात रोज लावायला साधा, ताजा सेंट: घरच्या घरी केलेल्या प्रयोगाच्या नोंदी (ठाणे, मार्च ते मे २०२५)

११ मार्च, मंगळवार

होळी अजून परवा आहे आणि उन्हाने आत्ताच जीव नको केलाय. सकाळी ठाणे स्टेशनला १० नंबरवर पोचेपर्यंत कुर्ता पाठीला चिकटलेला, त्यात गेल्या महिन्यात मॉलमधून घेतलेला परफ्युम मारून निघालेले. दुकानात एसीत कागदाच्या पट्टीवर किती छान वाटला होता, व्हॅनिला आणि कसलंसं गोड फळ. पण रबाळे येईपर्यंत त्याचा पाक झाला, अक्षरशः गुलाबजामच्या पाकात बोट बुडवल्यासारखं वाटायला लागलं आणि ऑफिसात शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली अगं राग मानू नकोस पण माझं डोकं उठतंय. तिला मायग्रेन आहे. मला इतकं वाईट वाटलं की बाथरूममध्ये जाऊन साबणाने मनगट घासून आले, तरी जाईना.

तेव्हाच ठरवलं, बीएस्सी केमिस्ट्री झालंय, सहा वर्षं टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी) एका लॅबमध्ये क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला होते, वजनकाटा अजून घरी आहे. आपल्या हवेला चालेल असा, रोज लावता येईल असा, खिशाला परवडेल असा सेंट स्वतः करून बघायचा. फक्त घरासाठी आणि मैत्रिणींसाठी, विकायचा नाही. विकायला कॉस्मेटिक्सचं लायसन्स लागतं आणि ते बरोबरच आहे, लोकांच्या कातडीचा प्रश्न असतो.

१५ मार्च, शनिवार

आज नुसतं वहीत लिहिलं, काय पाहिजे ते.

एक, ३० मिलीच्या बाटलीचा खर्च दीडशेच्या आत. दोन, सकाळी ८ ला लावला तर डब्यात कोणाला त्रास होता कामा नये. आमच्या लेडीज डब्यात सकाळी हात वर करून उभं राहायलाही जागा नसते, तुझा वास म्हणजे शेजारणीचा वास. तीन, दुपारी गोड होऊन चिकटता कामा नये. चार, उन्हात कातडीवर डाग पडता कामा नयेत. आणि टिकणं? ते मी मुद्दाम शेवटी लिहिलं, कारण सगळ्या जाहिराती तिथूनच सुरू होतात, बारा तास, चोवीस तास, आणि मला वाटतं गडबड तिथेच होते. जे रेणू जड असतात तेच टिकतात, आणि जे ताजे वाटतात, लिंबू संत्रं वगैरे, ते हलके असतात म्हणूनच पटकन नाकापर्यंत येतात आणि पटकन उडतात. लिंबू-संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा रेणुभार १३६ आहे आणि मस्क (कस्तुरीसारखा वास) म्हणून वापरतात त्या गॅलॅक्सोलाइडचा २५८. आपल्याकडे ३५-३६ डिग्रीला कातडी तापलेली, वरचा थर अजूनच लवकर उडतो आणि खालचा गोड जड थर एकटा उरतो, तोच माझा पाक. म्हणजे दुकानात आपण जो वास विकत घेतो तो पहिल्या दहा मिनिटांचा असतो आणि अंगावर दिवसभर वागवतो तो दुसराच.

नावावरचे प्रकार पण नीट लिहून ठेवते, कारण माझाही गोंधळ व्हायचा. ओ द पर्फ्युम म्हणजे साधारण १५ ते २० टक्के सुगंधी तेल, ओ द टॉयलेट ५ ते १५, आणि कोलोन २ ते ५. उन्हाळ्याला मी १० टक्क्यांनी सुरू करणार.

कोलोनची गोष्ट मला फार आवडते. योहान मारिया फरिना नावाचा इटालियन माणूस जर्मनीतल्या कोलोन शहरात गेला, १७०९ पासून त्यांची पेढी, आणि त्याने १७०८ मध्येच भावाला पत्रात लिहिलं होतं की मला असा सुगंध सापडलाय की इटलीतली वसंतातली सकाळ आठवते, पाऊस पडून गेल्यानंतरची. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसालासुद्धा पावसानंतरचीच सकाळ बाटलीत हवी होती. मला पण तेच हवंय, फक्त माझी सकाळ इटलीतली नाही.

१६ मार्च, रविवार

कसला वास पाहिजे हे सासूबाईंनी सांगितलं, त्यांना कळलंही नाही. स्वयंपाकघरात माठ धुवून ठेवत होत्या, वाळ्याची नवी जुडी पाण्यात भिजत घातलेली. म्हणाल्या पहिल्या दिवशीचं पाणी ओतून दे गं, कडसर लागतं, दुसऱ्या दिवसापासून खरा वास उतरतो. मी तांब्या नाकाशी धरला आणि तिथेच उभी राहिले. ओली माती, वाळा, आणि लहानपणी आजी त्यात मोगऱ्याची चार फुलं टाकायची तो वास. माठातलं पाणी. हेच करायचं. वर लिंबू, मध्ये मोगरा, खाली वाळा. वहीच्या पहिल्या पानावर "माठ" असं नाव टाकलं.

२२ मार्च, शनिवार

खरेदी. आधी मोहम्मद अली रोडला गेले, अत्तरांच्या दुकानात. खस (वाळा) आणि मिट्टी (ओली माती) दोन्ही घेतली, ३-३ मिली. दुकानदार चाचा फार प्रेमाने सांगत होते, हाताच्या पाठीवर फाया (अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा) फिरवून दाखवला. रुह खस म्हणजे अस्सल वाळ्याचं तेल, कन्नौजला तांब्याच्या देगमध्ये (अर्क काढायच्या हंड्यात) काढलेलं असलं की त्याला हिरवट निळसर झाक येते, तांब्यामुळे. ते माझ्या बजेटच्या फारच बाहेर होतं म्हणून अत्तरावर भागवलं. कन्नौजच्या अत्तराला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पण जीआय असलं तरी बाटलीत काय आहे ते आपल्यालाच बघावं लागतं, ते पुढे येईलच.

बाकीचा माल ऑनलाइन मागवला. लिंबाचं तेल मुद्दाम वाफेवर काढलेलं. सालीतून दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकूमरिन असतात, ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि नंतर काळे डाग राहतात. बर्गामोटमध्ये (लिंबू-संत्र्याच्या जातीचं फळ) तर बर्गाप्टेन नावाचं हेच असतं, म्हणून इफ्राच्या (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संस्था) नियमात दाबून काढलेल्या बर्गामोटला अंगावर राहणाऱ्या उत्पादनात फक्त ०.४ टक्के परवानगी आहे. मी बर्गाप्टेन काढून टाकलेलं घेतलं. हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवतेय कारण घरी करणाऱ्या बऱ्याच जणी थेट लिंबाची साल किसून तेलात घालतात आणि मानेला लावून उन्हात फिरतात. नका करू.

शिवाय सुगंधाची रसायनं: हेडिओन, आयसो ई सुपर (लाकडासारखा वास), लिनालूल (लॅव्हेंडरसारखा), गॅलॅक्सोलाइड, बेन्झिल अ‍ॅसिटेट, डायहायड्रोमर्सिनॉल, आणि वाळ्याचं तेल ५ मिली (हे सगळ्यात महाग), वेलचीचं तेल अगदी थोडं, आणि परफ्युमरीचा डिनेचर्ड (पिता येऊ नये असा केलेला) अल्कोहोल अर्धा लिटर. सगळं मिळून २९०० झाले. नवरा आकडा ऐकून काही बोलला नाही, फक्त म्हणाला बाल्कनीत कर, गॅसपाशी नको. तेवढं तो बरोबर बोलला, अल्कोहोलची वाफ घरातल्या तापमानाला पण पेट घेते.

हे सगळं मागवताना एक लक्षात आलं. आपल्या शेजारी मुलुंडला एस. एच. केळकर ही कंपनी १९२२ पासून सुगंधाचा धंदा करतेय, मराठी माणसांनी सुरू केलेली, आणि ठाण्यात वाढून मला हे पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं. शाळेच्या सहलीला कोणीतरी तिथे न्यायला हवं होतं.

२३ मार्च, रविवार. पहिला प्रयोग

लिंबू, बर्गामोट, संत्रं मिळून ७० टक्के, लिनालूल, चिमूटभर वाळा. लावल्या लावल्या इतकं सुंदर की मी हसतच सुटले. २० मिनिटांनी काहीच नाही. नुसता वाळ्याचा एक बारीक धागा, तोही मनगट नाकाला टेकवला तर. तुळशीबाग म्हणून गेलो आणि रिकामं मैदान मिळालं असं झालं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

आज प्रयोग नाही. जांभळी नाक्याला फुलं आणायला गेले होते, गर्दीत पाय ठेवायला जागा नाही. मोगऱ्याचा गजरा घेतला आणि घरी येऊन नाकाशी धरून नीट अभ्यास केला. मोगऱ्यात एक ताजा हिरवा भाग असतो, एक केळ्यासारखा फळाचा भाग असतो (बेन्झिल अ‍ॅसिटेट), आणि संध्याकाळी फूल मलूल व्हायला लागलं की एक जड, जवळजवळ कुजकट असा भाग वर येतो. तो इन्डोल. इन्डोल शुद्ध घेतला तर नाकाला सहन होत नाही पण तो अजिबात नसला की मोगरा साबणाच्या जाहिरातीतला वाटतो. सासूबाईंना विचारलं, गजरा कधी छान, सकाळचा की रात्रीचा, तर म्हणाल्या सकाळचा देवाला, रात्रीचा आपल्याला. मला सकाळचा पाहिजे, पण रात्रीचा एक थेंब पाहिजे.

२ एप्रिल, बुधवार. दुसरा प्रयोग

टिकावं म्हणून डायहायड्रोमर्सिनॉल ८ टक्के घातलं. हे १९८८ च्या कूल वॉटर या पुरुषांच्या सेंटमध्ये भरपूर वापरलंय म्हणून माहीत होतं, आणि ताजं तर असतंच. पण लावल्यावर भाचीने दारातूनच विचारलं, मामा आला का? बरोबर आहे तिचं. पुरुषांच्या डिओत आणि कपड्यांच्या पावडरीत हे इतकं वापरलंय की आपल्या नाकाने त्याचं नावच तसं ठेवलंय. पूर्ण बाद केलं. बाटली नवऱ्याला दिली, त्याला आवडली.

६ एप्रिल, रविवार. तिसरा प्रयोग

आज मन खट्टू झालं. मिट्टी अत्तर घालायचं होतं, माठाची ओली माती आणायला. अर्धा ग्रॅम घातलं आणि अल्कोहोल ओतला तर पांढुरकं, ताकासारखं गढूळ. हलवलं, पुन्हा गढूळ. रात्रभर ठेवलं तर सकाळी तळाला तेलाचा वेगळा थर. म्हणजे अत्तराचा पाया लिक्विड पॅराफिन आहे, ते अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. जुन्या पद्धतीत मातीचे भाजलेले तुकडे देगमध्ये घालून वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, आणि चंदनाचं तेल अल्कोहोलमध्ये छान विरघळतं. पण चंदनाचा भाव बघता चारशे रुपयात चंदनावरचं मिट्टी मिळेल ही माझीच अपेक्षा चुकीची. खसचं पण तसंच निघालं. ती दोन्ही अत्तरं तशीच फाया करून कानामागे लावायला उत्तम आहेत, सासूबाईंनी मिट्टी स्वतःच्या कपाटात नेऊन ठेवली.

ज्यांना अत्तर स्प्रेमध्ये घालायचंय त्यांनी आधी एका छोट्या बाटलीत एक थेंब अत्तर आणि पाच मिली अल्कोहोल घालून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, मी ते केलं असतं तर दहा ग्रॅम माल वाया गेला नसता.

१३ एप्रिल, रविवार. चौथा प्रयोग

काल चैत्र पौर्णिमा, कोल्हापूरची मावशी जोतिबाचा दवणा घेऊन आली. दवण्याची काडी वहीत ठेवली, पान उघडलं की घर भरतं. सांगायचं कारण, आपल्याकडे उन्हाळ्याचे वास किती आहेत, वाळा, मोगरा, दवणा, मरवा, सोनचाफा, कैरीचा चीक, आणि आपण व्हॅनिला लावून लोकलमध्ये चढतो.

आता कामाचं. आज हेडिओन वाढवलं, थेट ३० टक्के. हेडिओन म्हणजे मोगऱ्या-चमेलीतल्या एका घटकासारखा पदार्थ, पण त्यात फूल कमी आणि हवा जास्त. ओ सोवाज नावाच्या सेंटमध्ये १९६६ साली एदमों रूदनित्स्का या सुगंधकाराने वापरला आणि तेव्हापासून तो सगळीकडे आहे. एकटा हुंगला तर वाटतं हे काय, काहीच नाही. पण लिंबाच्या खाली घातला की लिंबू उडून गेल्यावर मागे एक उजेड राहतो. मला दुसरा शब्द सापडत नाही. पाऊस थांबल्यावर खिडकी उघडतो तसं.

आयसो ई सुपर १८ टक्के घातलं आणि मला त्याचा वासच येईना. वाटलं माल खराब आला. मग नणंदेला बोलावलं, ती म्हणाली वहिनी केवढं छान लाकडासारखं येतंय, कुठे येत नाही? पुष्कळ लोकांना हे किंवा ठरावीक मस्क जाणवत नाहीत, नाकानाकाचा फरक. म्हणजे यापुढे टिकण्याचा निर्णय माझ्या नाकावर ठेवायचा नाही. शिवाय दहा-पंधरा मिनिटं सारखा एकच वास घेतला की आपलं नाक त्याची दखल घेणं बंद करतं, म्हणून आपल्याला वाटतं उडाला आणि आपण अजून चार फवारे मारतो, आणि डब्यातल्या बायकांचं डोकं उठतं. माझ्या मैत्रिणीचं त्या दिवशी असंच झालं असणार, कारण मी निघताना दोनदा मारला होता.

थेंब मोजणं पण बंद. आजपासून सगळं ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर. लिनालूलचा थेंब आणि वाळ्याचा थेंब सारखा नसतो, वाळ्याचं तेल मधासारखं दाट. आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलका, ३० मिलीच्या बाटलीत साधारण २४-२५ ग्रॅमच बसतं, हे विसरलं की टक्केवारी चुकते.

१६ एप्रिल, बुधवार

दंडाच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून ठेवलं. लाली नाही, खाज नाही. नणंदेला पण नाही.

सगळ्या तेलाच्या बाटल्या फ्रीजच्या दारात हलवल्या. लिमोनीन आणि लिनालूल हवेत उघडे राहिले की ऑक्सिडाइज होतात आणि ते ऑक्सिडाइज झालेले पदार्थच जास्त अ‍ॅलर्जी देतात. म्हणून अर्धी झालेली बाटली छोट्या बाटलीत ओतून गळ्यापर्यंत भरून ठेवायची, हवेला जागा ठेवायची नाही. आपल्याकडे ड्रेसिंग टेबलवर खिडकीच्या उन्हात सेंट ठेवतात ते अगदी चूक.

२१ ते २५ एप्रिल, आठवडाभर लोकलची परीक्षा

सोमवारी तीन फवारे. घणसोलीपर्यंत छान, ऑफिसात ११ पर्यंत मला जाणवला, मग नाही.

मंगळवारी दोनच, पण अंघोळीनंतर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून. फरक चांगलाच पडला, कोरड्या कातडीवर काही टिकत नाही. १ वाजता जेवायला बसलो तेव्हा समोरची म्हणाली मोगरा माळलायस का. केसात काहीच नव्हतं! मला स्वतःला तेव्हा शून्य वास येत होता.

बुधवारी ओढणीवर मारला. कपड्यावर संध्याकाळपर्यंत राहिला पण पांढऱ्या ओढणीवर पिवळट डाग, वाळ्याच्या तेलाचा. डाग दोन धुण्यात गेला. तेव्हापासून फिकट कपड्यावर नाही, ओढणीच्या आतल्या टोकाला किंवा गडद कुर्त्यावर.

गुरुवारी गाडी २५ मिनिटं उशिरा, प्लॅटफॉर्मवर घाम निथळत होता. इथे एक गोष्ट कळली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घामावर सेंट मारून काही होत नाही. ताज्या घामाला तसा वास नसतो, काखेतले जिवाणू त्याचं जे करतात त्याला असतो, आणि त्यावर लिंबू मोगरा मारला की दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी होतं. काखेला तुरटी किंवा साधा बिनवासाचा डिओ, आणि सेंट फक्त मान, कोपराची घडी, गुडघ्यामागे. आमची आजी अंघोळीनंतर तुरटीचा खडा फिरवायची, तिला कारण माहीत नसेल पण तिचं बरोबर होतं.

शुक्रवारी सकाळी दोन फवारे आणि दुपारी ३ ला एक, पर्समधल्या १० मिलीच्या बाटलीतून. बास. हेच उत्तर आहे असं मला वाटायला लागलंय. कोलोनसारखा हलका सेंट दिवसातून पुन्हा लावायचाच असतो, एकदा मारून रात्रीपर्यंत पुरवायची हौस कशाला.

१ मे, गुरुवार, सुट्टी

पाच जणींना १०-१० मिली दिलं. मायग्रेनवाली मैत्रीण (ती स्वतः म्हणाली दे, तूच केलंस ना), नणंद, शेजारच्या काकू ज्या वाशीच्या एपीएमसीत हिशोबाचं काम बघतात आणि दिवसभर मसाला मार्केटच्या वासात असतात, भाची, आणि कळव्याची एक मैत्रीण जी शाळेत शिकवते. प्रत्येकीला चिठ्ठी दिली, कधी लावला, किती, कधी जाणवायचा थांबला, दुसऱ्या कोणी काही बोललं का.

७ मे, बुधवार

काल संध्याकाळी धुळीचं वादळ आणि मग धो धो पाऊस, मे च्या पहिल्या आठवड्यात! बाल्कनीत उभी राहून फक्त श्वास घेत होते. जो वास मला मिट्टी अत्तरातून काढता आला नाही तो खालच्या गार्डनमधून फुकट येत होता. या वासाला १९६४ साली इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी पेट्रिकोर नाव दिलं आणि त्यांनीही आपल्याकडच्या मातीच्या अत्तराचा उल्लेख केला होता. आपला मृद्गंध शब्द मला जास्त जवळचा. त्यातला मुख्य घटक जिओस्मिन, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू तयार करतात, आणि माणसाच्या नाकाला तो इतक्या बारीक प्रमाणात कळतो की बाटलीत घालायचा म्हटलं तर हजारपट पातळ करून घालावा लागेल. मी नाद सोडला. माठाची माती नाही तर नाही, वाळा थोडा वाढवला की नाक मातीचा भाग आपोआप भरून काढतं.

११ मे, रविवार

चिठ्ठ्या आल्या.

मायग्रेनवाली: एक फवारा चालला, दोन चालले, तीन नाही. "पण त्रास झाला तो गोडाचा नाही, लिंबाचा तिखटपणा." म्हणजे लिंबू कमी.

काकू: मसाल्यात काही टिकत नाही पण घरी जाताना ट्रेनमध्ये लावते आणि माणसात आल्यासारखं वाटतं. ही चिठ्ठी मी वहीत चिकटवली.

भाची: आवडला, पण "जरा आजीसारखा". तिला इन्डोल नको. मी इन्डोल काढणार नाही पण अर्धा करते.

नणंद: संध्याकाळी नवऱ्याने विचारलं घरात वाळा कुठे ठेवलाय.

कळव्याची मैत्रीण: वर्गात दुसरीतली मुलगी जवळ येऊन म्हणाली बाई तुम्हाला सरबताचा वास येतो. ती यावर इतकी खूश की दुसरी बाटली मागितली.

१८ मे, रविवार. ठरलेलं माप

१० ग्रॅम सुगंधी मिश्रणात हेडिओन ३ ग्रॅम, आयसो ई सुपर १.८, बर्गाप्टेन काढलेलं बर्गामोट १.५, वाफेवर काढलेलं लिंबू ०.९ (आधी १.४ होतं), गॅलॅक्सोलाइड ५० टक्क्याचं ०.८, लिनालूल ०.७, संत्रं ०.५, वाळा ०.४, बेन्झिल अ‍ॅसिटेट ०.२५, वेलची ०.१ आणि इन्डोल १० टक्के पातळ केलेलं ०.०५. वेलची का, तर लिंबू आणि मोगरा यांच्यामध्ये एक फट राहत होती, लिंबू संपायचं आणि मोगरा अजून आलेला नसायचा, ती वेलचीने भरली. फार थोडी घालायची, ०.३ घातली तेव्हा श्रीखंड झालं होतं.

हे १० टक्के, बाकी अल्कोहोल आणि त्यात ५ टक्के डिस्टिल्ड वॉटर, पाण्याने अल्कोहोलचा पहिला झणका कमी होतो. १० टक्के पाणी घातलं तर लिंबाचं तेल बाहेर येऊन गढूळ होतं, बघितलंय. मग बाटली फ्रीजमध्ये दोन दिवस, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळून, आणि अंधारात निदान तीन आठवडे. आजचं आणि तीन आठवड्यांनंतरचं सारखं नसतं, कडा गोल होतात.

खर्च: ३० मिलीला मिश्रण साधारण ४५, अल्कोहोल ३०, स्प्रेची बाटली ३५, म्हणजे ११० रुपये. २९०० चा माल अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. भाचीचा हिशोब असा की आजीसारखा आहे पण ११० मध्ये चालेल.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत आला, जाहीरच झालं, २६ मे! प्रयोग उन्हाळ्याचा आणि उन्हाळाच पळाला. सकाळी ठाणे स्टेशनला गुडघ्याखाली सलवार भिजलेली, डब्यात ओल्या छत्र्या, ओल्या केसांचा, ओल्या रेक्झिनचा वास. मी सवयीने दोन फवारे मारून निघाले होते आणि एक गोष्ट बघितली, पावसाळी हवेत लिंबू जवळजवळ दिसलंच नाही, वाळा आणि मोगरा मात्र पहिल्या मिनिटापासून पुढे, आणि ऐरोलीपर्यंत होतं त्यापेक्षा जास्तच भरून आल्यासारखं झालं. एक फवारा पुरला असता. वहीत लिहिलं: पावसाळ्यात निम्मं, आणि वाळा ०.४ वरून ०.३ करून एक छोटी बाटली वेगळी करून बघायची.

घरी आले तर सासूबाई माठातली वाळ्याची जुडी काढून गॅलरीत वाळत घालायला निघाल्या होत्या, आता काय पाऊस आला म्हणून. बाहेर ऊन नाही म्हणून पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरली. १८ तारखेच्या बाटल्या अंधारात आहेत, ८ जूनला उघडायच्या. काकूंची पहिली, त्यांची १० मिली संपलीये.